तू कोण, आणि कोणाची?

साहित्याला लिंग नसते, हे वाक्य आपल्याकडे इतक्या सभांतून आणि इतक्या निःशंक स्वरात उच्चारले जाते की त्याला एखाद्या महावाक्याचे तेज चढावे. आणि ज्यांच्यावर वेदान्ताचा थोडाफार संस्कार आहे त्यांना ते तसे वाटल्यास नवल नाही, कारण आत्मा स्त्री नव्हे, पुरुष नव्हे, नपुंसकही नव्हे, असे श्वेताश्वतर उपनिषदानेच सांगून ठेवले आहे. मग ग्रंथ ही जर आत्म्याची अभिव्यक्ती, तर पुस्तकाच्या दुकानातील फडताळापुढे उभे राहून त्यावरच्या नावांत बायकांची किती आणि पुरुषांची किती अशी मोजदाद करणे, हे अध्यात्माच्या दृष्टीने क्षुद्र आणि रसिकतेच्या दृष्टीने अरसिक, असा निष्कर्ष ओघानेच येतो. हा निष्कर्ष मला मान्य नाही. त्याचे कारण मात्र मी ग्रंथव्यवसायाच्या आकडेवारीत शोधणार नाही. ज्या परंपरेचा हवाला देऊन ही मोजदाद निषिद्ध ठरविली जाते, त्याच परंपरेतील एका विलक्षण संवादात ते सापडते.

शांतिपर्वाच्या मोक्षधर्मात सुलभा नावाच्या भिक्षुकीची कथा आहे. मिथिलेचा धर्मध्वज जनक राज्य करीत असूनही मुक्त झाला आहे, अशी कीर्ती ऐकून, ती खरी की खोटी हे पडताळण्यासाठी, एकटीच पृथ्वीवर फिरणारी ही संन्यासिनी त्याच्या दरबारी येते आणि योगबळाने त्याच्या अंतःकरणात प्रवेश करते. राजा आपली ओळख मोठ्या आत्मविश्वासाने करून देतो: उजव्या हाताला कोणी चंदन लावले आणि डाव्या हातावर कोणी वाकस चालविली, तरी दोघे मला सारखेच. पण ज्याला चंदन आणि वाकस सारखी, त्याला समोर आलेली स्त्री मात्र सारखी वाटत नाही. तिचे मत काय, तिने कोणता सिद्धान्त मांडला, हे बाजूलाच राहते, आणि राजा विचारतो ते असे, की तू कोण, कोणाची, कोठून आलीस. आणि एकदा हा प्रश्न तोंडातून निघाल्यावर तो घसरतच जातो. तुझे रूप आणि वय संन्यासाला शोभणारे नाही. तू ब्राह्मणी असशील आणि मी क्षत्रिय, तेव्हा हा वर्णसंकर. तुझे गोत्र माझेच असेल तर गोत्रसंकर. तुझा नवरा जिवंत असेल तर तू परस्त्री. मुक्त पुरुषाची ही कैफियत वाचताना एखाद्या कचेरीतील कारकुनाने अर्जातील त्रुटी काढाव्यात तसा भास होतो.

सुलभेचे उत्तर दीर्घ आहे, आणि त्याचा आरंभच मोठा मार्मिक आहे. चांगले भाषण कसे असावे, त्यात सूक्ष्मता, गणना, क्रम, निर्णय आणि प्रयोजन ही कशी असावीत, काम, क्रोध, भय, लोभ यांच्या आहारी जाऊन बोललेले कसे दूषित होते, हे ती आधी सांगते आणि मग मुद्द्याकडे वळते. शरीर हा तत्त्वांचा मेळ. लाख आणि लाकूड, धूळ आणि पाण्याचे थेंब एकत्र यावेत तसा. गर्भ नऊ महिने पुरे करून बाहेर येतो तेव्हा चिन्हावरून त्याला स्त्री किंवा पुरुष म्हणतात, आणि तेथून पुढेही प्रत्येक क्षणी जुने जाऊन नवे येत असते. मग कोण कोणाचे आणि कोण कोठून आले? तू खरोखर मुक्त असतास, तर हे तुझे आणि हे माझे, ही स्त्री आणि हा पुरुष, हा हिशेब तुझ्या मुखातून निघाला नसता. ती आणखी सांगते की भिक्षुकाने रिकाम्या घरात एक रात्र काढावी तशी मी तुझ्या ठिकाणी आजची रात्र राहून उद्या निघून जाईन. राजा यावर काही बोलला नाही. (तो हरला असे व्यासांनी म्हटलेले नाही; पुढे त्याने उत्तर दिले नाही, एवढेच नमूद केले आहे. ही मखलाशी व्यासांनाच साधावी.)

या संवादाकडे स्त्रीस्वातंत्र्याचा प्राचीन दाखला म्हणून बोट दाखविण्याची आपली रीत आहे, आणि त्यामुळे त्यातील खरी तीक्ष्णता बोथट होते. सुलभा आणि जनक या दोघांचाही सिद्धान्त एकच आहे, आत्म्याला लिंग नाही हा. वाद आहे तो सिद्धान्त उच्चारण्याचा अधिकार कोणाला, याविषयी. भेद न पाहण्याचा दावा करणारा माणूस समोर दुसरे कोणी येताच काय विचारतो, यावरून त्याची परीक्षा होते. साहित्याला लिंग नसते असे म्हणणाऱ्या वाचकाच्या घरातले कपाट हीच त्याची मिथिला. ते उघडून पाहिल्याशिवाय त्याच्या मुक्तीचा निवाडा करता येत नाही, आणि उघडून पाहायचे म्हणजे मोजायचेच.

वेदान्ती यावर म्हणेल की परमार्थात भेद नाही, व्यवहारात आहे. हे खरेच आहे, पण व्यवहारातल्या तक्रारीला परमार्थातले उत्तर देणे ही जुनी पळवाट आहे. ज्या शंकराचार्यांनी अद्वैताची ध्वजा उभारली, त्यांच्याच ब्रह्मसूत्रभाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, अपशूद्राधिकरण आहे, आणि तेथे शूद्राला वेदश्रवणाचा अधिकार नाही हे स्मृतींची वचने देऊन सिद्ध केले आहे. सर्वत्र एकच ब्रह्म. पण त्याचे श्रवण कोणी करावे याचा शिरस्ता मात्र वेगळा. अधिकाराचा प्रश्न आला की आपल्या दार्शनिकांनीही व्यवहाराची वहिवाट मोडली नाही, आणि पुस्तकांच्या बाजारात ती मोडली असेल अशी अपेक्षा का करावी?

ही वहिवाट दुकानात दिसते ती लेखिकांच्या अभावाने नव्हे, त्यांना दिलेल्या जागेने. मराठी पुस्तकांच्या कोणत्याही चांगल्या दुकानात कादंबरी, कथा, आत्मचरित्र, पाककला यांच्या फडताळांवर बायकांची नावे भरपूर सापडतात. तत्त्वज्ञान, धर्मचिकित्सा, इतिहासमीमांसा यांच्या फडताळाशी गेले की ती विरळ होतात. जुनी पुस्तके चाळावीत तर मुखपृष्ठावरच तिढा दिसतो: पुरुषाच्या नावाआधी प्रोफेसर, डॉक्टर, शास्त्री, म्हणजे तो काय जाणतो याचा दाखला, आणि स्त्रीच्या नावाआधी ‘सौ.’ किंवा ‘श्रीमती’, म्हणजे जनकाच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, छापूनच दिलेले. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ किंवा रमाबाई रानड्यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या ग्रंथांना मराठी वाचकाने डोक्यावर घेतले आणि ते योग्यच झाले. पण स्त्रीने साक्षीदाराची जबानी द्यावी आणि निकाल दुसऱ्याने लिहावा, अशी कामाची वाटणी त्या कौतुकातूनच रुजली. दुर्गा भागवतांचे ‘व्यासपर्व’ आणि इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ यांनी ही वाटणी मोडली, दोघींनीही महाभारतावरच निकाल लिहिले. तरीही त्यांना आपण थोर अपवाद म्हणतो, आणि अपवाद म्हणण्यात नियम सुरक्षित राहतो.

एकोणिसाव्या शतकातला एक दाखला याहून बोलका आहे. १८८२ या एकाच वर्षी पुण्याहून दोन स्त्रियांची दोन पुस्तके निघाली. पंडिता रमाबाईंचे ‘स्त्रीधर्मनीति’ स्त्रियांना उपदेश करणारे, तर बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ पुरुषांकडून जाब मागणारे. जे दुर्गुण तुम्ही आमच्या माथी मारता ते तुमच्यात अधिक नाहीत काय, आणि विधवेला एक न्याय, विधुराला दुसरा, हे कोणत्या देवाने ठरविले, असा थेट धर्मशास्त्रालाच घातलेला हात. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये ताराबाईंची बाजू घेतली, त्यानंतर मात्र ताराबाईंचे ते पुस्तक जवळजवळ दृष्टीआड झाले, आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा त्र्याण्णव वर्षे लोटली होती. या अवधीत मराठी वाचकाला स्त्रियांविषयी काही वाचायला मिळाले नाही असे नाही. ‘मनोरंजन’ मासिकाने गृहिणीला वाचक बनविले, १९३० पासून किर्लोस्करांच्या ‘स्त्री’ मासिकाने तिला लिहिते केले, आणि गावोगावच्या वाचनालयांत दुपारी पुस्तक बदलायला येणाऱ्या बायकांनी कादंबरीचा धंदा जगविला. पण वाचणारी स्त्री पुरुषाचे पुस्तक घेते आणि वाचणारा पुरुष स्त्रीचे पुस्तक बायकोसाठी घेतो, हा एकेरी रस्ता तसाच राहिला. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ निघाले तेव्हा विभावरी शिरूरकर हे टोपणनाव वाचून महाराष्ट्राने जे विचारले, ते पुस्तकात काय म्हटले आहे यापेक्षा ही बाई कोण, आणि बाईच आहे काय, हे अधिक होते. मिथिलेचा दरबार पुण्याला भरला होता, एवढाच फरक.

मानाच्या जागांचा हिशेबही येथे मांडून टाकू. १८७८ पासून चालत आलेल्या साहित्य संमेलनाला पहिली स्त्री अध्यक्ष १९६१ साली, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने मिळाली. २०२५ साली दिल्लीच्या अठ्ठ्याण्णवाव्या संमेलनात तारा भवाळकर अध्यक्ष झाल्या, त्या सहाव्या. मराठीला मिळालेल्या ज्ञानपीठांचे मानकरी खांडेकर, शिरवाडकर, करंदीकर, नेमाडे. चौघांच्याही योग्यतेविषयी माझी तक्रार नाही.

आता वाचनाची रीतच पालटते आहे, आणि या पालटाविषयी माझे मन दुभंगलेले आहे. एका बाजूला जुने प्रतिबंध सैल होत आहेत. गुरुचरित्राचे पारायण स्त्रियांनी करू नये, असा संकेत आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. पोथी पुरुषाने वाचायची आणि बाईने प्रसाद करून ऐकायची. आज अनेक घरांत सप्ताहाला तीच सोवळ्यात चौरंगापुढे बसते, आणि प्रवासात कानाला यंत्र लावून ग्रंथ ऐकणाऱ्यांना तर पोथीचा अधिकार विचारणारे कोणी उरलेच नाही. ऐकणे ही आपली नवी सवय म्हणतात. जात्यावर ओव्या रचणाऱ्या आणि कीर्तनात मागे बसणाऱ्या बायकांना ती कधीच नवी नव्हती. पण दुसऱ्या बाजूला, भ्रमणध्वनीवरून पुस्तक घेणाऱ्याला जे यंत्र सल्ला देते, ते त्याने काल काय घेतले हे पाहून उद्याचे सुचविते. योगशास्त्र ज्याला वासना म्हणते, कर्मातून संस्कार आणि संस्कारातून पुन्हा तेच कर्म, तिचे इतके चोख यांत्रिक रूप पूर्वी कोणी पाहिले नसेल. दुकानदार निदान पक्षपाती का होईना, पण माणूस असतो. ‘हे वाचून पाहा, तुम्हांला आवडणार नाही कदाचित’, असे तो कधी तरी म्हणतो.

या स्थितीवर स्त्रियांच्या पुस्तकांचे वेगळे फडताळ हा उपाय काही जण सुचवितात, आणि काही दुकानांनी तो अमलातही आणला आहे. तात्पुरती तजवीज म्हणून मला त्यात वावगे वाटत नाही. पण त्याने एक जुनीच गोष्ट नव्या पाटीखाली घडते. जनाबाईंचे अभंग नामदेवांच्या गाथेत, नामदेवांच्या परिवाराचे म्हणून छापले गेले. मुक्ताबाई चांगदेवांची गुरू, ज्ञानदेवांना ताटी उघडायला लावणारी, पण तिची ओळख आपण आधी धाकटी बहीण अशी करून देतो. त्यांना तेथून काढून ‘संत कवयित्री’ या कप्प्यात ठेवल्याने कोणाची हा प्रश्न सुटत नाही, त्याचे उत्तर तेवढे बदलते.

खरी अडचण शिऊरच्या बहिणाबाईंपाशी येते. ब्राह्मण घरातील या स्त्रीने तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याचा मार सोसला, स्त्रीदेहाला वेद बंद का, हे आपल्या अभंगांत देवाला विचारले, आणि मग अश्वघोषाच्या नावावर असलेली ‘वज्रसूची’, म्हणजे ब्राह्मण कोणाला म्हणावे, जीवाला, देहाला, जातीला की ज्ञानाला, याची कठोर तार्किक छाननी, मराठीत आणली. या अभंगांची जागा सकळ संतांच्या गाथेत आहेच. पण ब्रह्मसूत्रभाष्याच्या मराठी अनुवादाशेजारी, अपशूद्राधिकरण ज्या खंडात येते त्याच्या लगत, ते ठेवण्याची कल्पना आपल्या ग्रंथविक्रेत्यांना सुचत नाही, आणि आपणही ते तेथे शोधायला जात नाही. वाद एकाच विषयावरचा आहे, भाष्यकार आणि बहिणाबाई विरुद्ध बाजूंनी बोलत आहेत, आणि वाचकाला दोन्ही पुस्तके घेण्यासाठी दुकानाच्या दोन टोकांना जावे लागते.