स्मरण आणि स्मरणरंजन : एका लहान उपकरणाच्या निमित्ताने

१

'नॉस्टॅल्जिया' या संज्ञेसाठी मराठी समीक्षेने 'स्मरणरंजन' हा शब्द स्वीकारला, तेव्हा त्या स्वीकारातच एक मूल्यनिर्णय दडलेला होता. मूळ संज्ञा १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेल येथील आपल्या प्रबंधात घडवली. घरापासून दुरावलेल्या स्विस माणसांच्या आजाराचे ते नाव होते, आणि ग्रीकमधील 'परतणे' व 'वेदना' या अर्थांच्या दोन शब्दांचा तो जोड होता. मराठी शब्दात परतणेही नाही आणि वेदनाही नाही. तेथे रंजन आहे. आणि रंजन म्हणजे मन रमवणे, तसेच रंग चढवणेही. युरोपने ज्याला प्रथम आजार म्हटले त्याला मराठीने करमणूक ठरवले, आणि ती रंगवलेली असते असेही सुचवले. गतकाळाविषयीची ओढ ही केवळ करमणूक आहे, की तिला काही नैतिक आशय असू शकतो, हा प्रश्न त्यामुळे मराठीत अधिक टोकदार होतो.

हा प्रश्न सामान्यतः वाडा, गाव, नदी, बालपण यांच्या संदर्भात चर्चिला जातो. तेथे परंपरेचे वलय इतके दाट असते की ओढीची घडण नेमकी कशी आहे हे दिसत नाही. म्हणून येथे एक क्षुल्लक वाटणारी वस्तू विचारासाठी घेतली आहे : संगणकाचा रबरी गोळीवर चालणारा जुना माऊस, आणि त्याच्या सोबतीने आलेले आरंभीचे, हौशी व लहरी इंटरनेट. या दोहोंविषयी आज मध्यमवयीन सुशिक्षित वर्गात जो हळवेपणा आढळतो, त्याची परीक्षा शिंदखेड्यासारख्या तालुक्याच्या गावातून केली तर काय हाती लागते, हे पाहायचे आहे.

२

वस्तूचा इतिहास थोडक्यात असा. डग्लस एंगेलबार्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी कॅलिफोर्नियात १९६४ च्या सुमारास पहिला माऊस घडवला. तो लाकडी खोक्यात बसवलेल्या दोन चाकांचा होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे त्याचे जाहीर प्रात्यक्षिक झाले. नाव कोणी दिले हे पुढे कोणालाच निश्चित सांगता आले नाही. शेपटीसारख्या तारेमुळे ते पडले, एवढेच सांगितले जाते. इंग्रजीत या नावातला खट्याळपणा जिवंत राहिला. मराठीने मात्र शब्द घेतला आणि रूपक मागे ठेवले. मराठीत 'माऊस' हा प्राणी नाही. 'उंदीर' हा शब्द त्याच्यासाठी वापरला गेला तो फक्त थट्टेत. कापूस-ज्वारीच्या मुलखात उंदीर हा कणगीचा शत्रू, फार तर गणपतीचे वाहन. तो हाताखाली धरण्याची कल्पना येथे रुजणे कठीणच होते. म्हणजे ज्या लहरीपणाविषयी आज ओढ व्यक्त होते, त्याचा एक अंश भाषांतरात आलाच नव्हता.

भारतात विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, आणि तेही मोजक्या महानगरांत. त्या काळातील पानांची लक्षणे आता परिचित आहेत : 'काम चालू आहे' अशी हलणारी पाटी, भेट देणाऱ्यांची संख्या दाखवणारा आकडा, पाहुण्यांनी अभिप्राय लिहावा म्हणून ठेवलेली वही, डोळ्यांना खुपणारे रंग, आणि कोणा एकाने केवळ हौसेखातर जमवलेली माहिती. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजवर अशी लक्षावधी पाने वस्त्यांप्रमाणे विभागून मांडलेली होती. मराठीपुरते पाहता परदेशस्थ मराठी मंडळींनी १९९६ मध्ये सुरू केलेली 'मायबोली' या काळाची साक्षीदार आहे.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे अनियतकालिकांच्या चळवळीची आठवण होणे स्वाभाविक आहे. १९५० च्या दशकाच्या मध्यास 'शब्द'चे चक्रमुद्रित अंक निघाले, पुढे 'असो', 'वाचा' यांसारखी अनियतकालिके आली. प्रतिष्ठित नियतकालिकांच्या संपादकीय चाळणीला नकार, स्वतःच्या खिशातून खर्च, ओबडधोबड रूप आणि अल्पायुष्य ही त्यांची वैशिष्ट्ये होती. आरंभीची हौशी पाने त्यांची दूरची भावंडे ठरतात. दोहोंविषयी नंतर जो हळवेपणा निर्माण झाला, त्याचे स्वरूपही सारखेच आहे : जे तेव्हा अडचणीचे होते तेच आता निरागस वाटू लागते.

३

'हौसेला मोल नाही' असे मराठीत म्हटले जाते. या वाक्प्रचाराचे दोन अर्थ संभवतात. हौस अमूल्य असते हा एक. हौस करणारा किमतीचा हिशेब करत नाही हा दुसरा. परंतु हिशेब न करणे आणि किंमत नसणे या भिन्न गोष्टी आहेत. महानगरात घरी दूरध्वनी, संगणक, इंग्रजीचा सराव आणि रिकामी संध्याकाळ असलेल्यालाच लहरीपणा परवडत होता.

शिंदखेडा हे सुरत–भुसावळ लोहमार्गावरील, तापी–पांझरेच्या खोऱ्यातील, पर्जन्यछायेतल्या धुळे जिल्ह्याचे तालुक्याचे गाव. अशा गावी माऊस आला तो हौस म्हणून नव्हे. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना झाली, एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, आणि शासकीय नोकरीसाठी संगणकज्ञानाचे प्रमाणपत्र आवश्यक होत गेले. आसपासच्या खेड्यांतून एसटीने येऊन, चपला दाराबाहेर काढून संगणकवर्गाच्या खोलीत शिरणाऱ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने माऊस हे परीक्षेचे उपकरण होते. त्यावर हात बसेपर्यंत बाण पडद्याच्या कडेला पळत असे, आणि हात बसू लागावा तोच भारनियमनाची वेळ होत असे. इंटरनेट तर त्याहूनही दुर्मीळ. २०१६ नंतर मोबाइलवरील डेटा स्वस्त झाला तेव्हा तालुक्यातील बहुसंख्य लोक प्रथमच त्या विश्वात आले. पण ते बोटाने, माऊसविना. हौशी पानांचा काळ तोवर संपलेला होता. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झाले होते, ऑर्कुट २०१४ मध्ये.

यावरून एक आक्षेप उभा राहतो. आरंभीच्या इंटरनेटचा सुवर्णकाळ ही मूठभरांची आठवण आहे, आणि ती सर्वांची म्हणून सांगणे हा स्मृतीवरील अतिक्रमणाचा प्रकार आहे. हा आक्षेप खरा आहे. पण पुरेसा नाही. कारण ज्याला तो काळ लाभला नाही, अशा शिंदखेड्याच्या तरुणालाही त्या ओबडधोबड पानांची चित्रे पाहून काहीतरी हरवल्यासारखे वाटते. न अनुभवलेल्या गोष्टीची ओढ खोटी म्हणून निकालात काढावी काय?

४

न्यायदर्शनाने स्मृतीला प्रमेच्या बाहेर ठेवले आहे. स्मृती केवळ संस्कारातून उपजते. ती नवे ज्ञान देत नाही. तथापि नैयायिक तेथेच थांबत नाहीत. ज्या अनुभवातून स्मृती आली तो यथार्थ असेल तर स्मृतीही यथार्थ, नसेल तर अयथार्थ, असा भेद ते करतात. या निकषावर न अनुभवलेल्याचे स्मरण संभवतच नाही. म्हणून शिंदखेड्याच्या तरुणाची ओढ ही स्मृती नव्हे, हे मान्य करावे लागेल.

मग ती काय आहे? शाकुंतलाच्या पाचव्या अंकाच्या आरंभी हंसपदिकेचे गाणे ऐकून दुष्यंत अस्वस्थ होतो. प्रियजनाचा विरह नसतानाही मन व्याकूळ का व्हावे, हे त्याला कळत नाही. जन्मांतरीची, नकळत उरलेली आठवण जागी होत असावी, असे समाधान तो करून घेतो. अभिनवगुप्तांनी रसचर्चेत या स्थळाचा विचार केला आहे. परंतु नाटकाच्या प्रेक्षकाला दुष्यंताहून अधिक ठाऊक असते. दुष्यंताचे हरपलेले माणूस जन्मांतरीचे नाही, याच जन्मीचे आहे. आणि ते लवकरच दारात येऊन उभे राहणार आहे. अस्पष्ट हुरहुरीत सुख मानणारा राजा समोर आलेल्या शकुंतलेला ओळखत नाही. शापाने तो दोषमुक्त होतो, तरी नाट्यगत विरोध उरतोच : हुरहुर आहे, प्रत्यभिज्ञा नाही.

स्मरणरंजनाचे नैतिक व्यंग येथे नेमके सापडते. त्याचा दोष भूतकाळ रंगवण्यात तितकासा नाही. ज्या गोष्टीची ओढ आहे ती आज कोणत्या रूपात दारात उभी आहे हे न ओळखण्यात आहे. उलट, तरुणाची अननुभूत ओढ प्रत्यभिज्ञेपर्यंत पोहोचली, तर ती स्मृती नसूनही ज्ञानाला उपकारक ठरू शकते. त्याला जे हवेसे वाटते ते जुने यंत्र नव्हे, तर त्या यंत्राशी असलेले एक नाते आहे.

५

हे नाते समजण्यासाठी पुन्हा वस्तूकडे वळावे लागते. जुन्या माऊसमध्ये रबराचे आवरण असलेली जड गोळी असे. ती फिरली की काटकोनात बसवलेले दोन रूळ फिरत, आणि त्यांच्या टोकांवरील खाचांच्या चकत्यांमुळे प्रकाशाचा झोत खंडित होऊन गती मोजली जाई. रुळांवर धूळ आणि तंतू साचत. कपाशीच्या मुलखात ते साचायला वेळ लागत नसे. बाण अडखळू लागला की उपकरण उलटे करायचे, खालची चकती फिरवून गोळी काढायची, नखाने रूळ खरवडायचे आणि सारे पुन्हा बसवायचे. हायडेगर यांनी १९२७ च्या आपल्या ग्रंथात हातोड्याच्या उदाहरणाने दाखवले की साधन सुरळीत चालते तोवर ते जाणिवेतून लुप्त असते. बिघडले की ते 'वस्तू' म्हणून समोर येते. जुना माऊस वरचेवर बिघडे, आणि दर वेळी आपली रचना दाखवून जाई. दोष आणि उपाय दोन्ही वापरणाऱ्याच्या हाताच्या टप्प्यात होते. १९९९ च्या सुमारास प्रकाशावर चालणारे माऊस बाजारात रुळू लागले. ते पृष्ठभागाची प्रतिमा क्षणोक्षणी टिपतात, क्वचितच अडखळतात, आणि वापरणाऱ्याला उघडून पाहण्याचे कारण उरू देत नाहीत.

हौशी पानाचेही तसेच होते. त्यामागची आज्ञावली कोणालाही उघडून वाचता येई, उतरवून घेता येई, बदलता येई. आजच्या पडद्यावर काय दिसावे हे जे ठरवते, त्याची चकती फिरवून आत पाहता येत नाही. तेव्हा ओढीचा आशय असा मांडता येईल : साधन आपल्याला उत्तरदायी असावे, आणि काही गोष्टी मोबदल्याविना केल्या जाव्यात. ही मागणी भूतकाळाकडे नाही. ती वर्तमानाकडे आहे. शिंदखेड्याच्या तरुणाला ती करण्याचा अधिकार मुंबई-पुण्याच्या प्रौढाइतकाच, किंबहुना अधिक आहे. कारण त्याला ते नाते एकदाही मिळालेले नाही.

६

स्वेतलाना बॉइम यांनी २००१ च्या आपल्या ग्रंथात गतकाळ पुन्हा उभारू पाहणारा नॉस्टॅल्जिया आणि चिंतनशील नॉस्टॅल्जिया असा भेद केला. तो उपयुक्त असला तरी त्यात एक तिसरी शक्यता निसटते : श्रमाची. तिचे उदाहरण शिंदखेड्याच्या जवळच, धुळ्यात आहे. १९२६ मध्ये तेथे निधन पावलेल्या वि. का. राजवाडे यांनी गावोगाव हिंडून कागद मिळवले, वाचले, छापले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. शंकर श्रीकृष्ण देव यांनी जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडे जपणारे समर्थ वाग्देवता मंदिरही तेथेच आहे. गतकाळाविषयी राजवाड्यांना ओढ नव्हती असे कोण म्हणेल? पण ती ओढ पायपिटीत आणि नकलून घेण्यात खर्ची पडली.

याच्याशी ताडून पाहावी अशी गोष्ट ही की तीनशे वर्षांपूर्वीचा मोडी कागद आज धुळ्यात बसून वाचता येतो; १९९९ चे एखादे मराठी पान मात्र वाचता येईलच असे नाही. युनिकोड रूढ होण्यापूर्वी प्रत्येक फाँटची अक्षररचना निराळी होती. तो फाँट नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा निरर्थक पसारा उमटतो. मोडी एक माणूस दुसऱ्याला शिकवू शकतो. या पानांची किल्ली एका संचिकेत असते, आणि ती जपली नाही तर मजकूर असूनही नसल्यासारखा होतो. जिओसिटीज बंद होताना काही स्वयंसेवकांनी धडपडून त्यातील बराच भाग उतरवून ठेवला. मराठी पानांसाठी असे श्रम करण्याची जबाबदारी, त्या काळाविषयी हळवे होऊन बोलणाऱ्या वर्गाची आहे. कारण ती पाने त्यानेच लिहिली होती.

गतकाळाच्या ओढीला नैतिक आशय असू शकतो काय, या आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून सशर्त होकार द्यावा लागतो. तो आशय ओढीत आयता नसतो. ज्यांना तो काळ मिळाला नाही त्यांचे न मिळणे मान्य करणे, जे उरले आहे ते जपण्याचे कष्ट घेणे, आणि जे हवे होते ते आजच्या साधनांकडून मागणे, या तीन गोष्टी घडतील तेवढ्यापुरता तो तिला लाभतो. एरवी मराठी शब्दाने केलेला निवाडाच बरोबर ठरतो : ते रंजन असते, आणि त्याचा रंग धुतला की खाली स्मरण सापडत नाही.