नात्याचा दाखला

आमच्या पिढीने रहस्यकथा भरपूर वाचल्या. घरातली वडीलधारी मंडळी इब्ने सफींची 'जासूसी दुनिया' उर्दूत वाचत. आम्ही मराठी शाळेत शिकलेले, त्यामुळे आमच्या वाट्याला आधी बाबूराव अर्नाळकर आले आणि पुढे पुण्याच्याच सुहास शिरवळकरांचा फिरोज इराणी. या कथांत कुणी आजारी माणूस आला की आम्ही सावध होत असू. अंथरुणाला खिळलेला म्हातारा, त्याची इस्टेट, उशाशी बसलेले नातेवाईक आणि औषधाची बाटली. गुन्हेगार त्या नातेवाइकांतलाच निघे. पैशाच्या हव्यासापायी त्याने रक्ताचे नाते विकलेले असे.

2022 साली पुण्यात उघडकीस आलेल्या किडनी प्रकरणात मात्र हा सोपा हिशेब बसत नाही. कोल्हापूरकडच्या एका बाईला 15 लाख रुपये देण्याचे कबूल करून एका रुग्णाची पत्नी म्हणून कागदोपत्री उभे करण्यात आले, अशी तक्रार होती. प्रत्यारोपण अदलाबदलीचे होते. या बाईची किडनी एका तरुण मुलीला बसवली गेली आणि त्या मुलीच्या आईची किडनी या रुग्णाला. ठरलेले पैसे मिळाले नाहीत, म्हणून बाई बोलली. मे महिन्यात पोलिसांत गुन्हा दाखल झाला. दोष कुणाचा आणि किती, ते न्यायालय ठरवील. पण या कथेत कुणाला कुणाचा जीव घ्यायचा नव्हता. ज्याला त्याला आपले माणूस जगवायचे होते. आणि ठरलेली रक्कम वेळेवर चुकती झाली असती, तर इथे काही रहस्य होते हेच कदाचित कुणाला कळले नसते.

मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा 1994 सालचा. जिवंत माणसाने अवयव द्यायचा तर तो जवळच्या नातलगाला द्यावा, हा त्याचा पाया आहे. आई-वडील, मुले, भावंडे, नवरा-बायको ही ती नाती. 2011 च्या दुरुस्तीने त्यात आजी-आजोबा आणि नातवंडेही आली. परक्याने प्रेमापोटी द्यायचे म्हटले तर समितीची परवानगी लागते. पैसे देणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार. शिक्षा 5 ते 10 वर्षांची. आमच्या धर्मपंडितांची भूमिकाही यापासून फार दूर नाही. 1988 साली जेद्दाहला भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीच्या अधिवेशनाने अटी घालून अवयवदानाला मान्यता दिली आणि विक्री नामंजूर केली. उपखंडातल्या काही मुफ्तींना दानही मान्य नव्हते. शरीर ही अल्लाहची अमानत आहे, अमानतीतले परस्पर देणारे आपण कोण, असा त्यांचा सवाल होता. या सवालाला आम्ही हसण्यावारी नेत नाही.

विक्रीला विरोध आम्हालाही पटतो. जिच्या घरी कर्ज आहे तिला 15 लाखांचा आकडा ऐकवायचा आणि मग तिची 'मर्जी' विचारायची, याला मर्जी म्हणता येत नाही. रुग्णाच्या घरच्यांची तळमळ खरी असेल, पण त्या तळमळीची किंमत दुसऱ्याच घरची गरीब बाई मोजते. एवढ्यावर हा लेख संपवता आला असता. तसे न करण्याचे कारण आमच्याच घरात आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या भाईजानच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. एका संध्याकाळी सगळे नातेवाईक जमले. कुणाची मुले लहान, कुणाला शुगर, कुणाची दुकानदारी. बोलणे फिरत फिरत आपावर आले. आपा विधवा, मूलबाळ नाही. नवरा वारल्यापासून आमच्याकडेच राहायची. "दे" असे तिला कुणीच म्हणाले नाही. चाचा एवढेच म्हणाले, "अल्लाहने माणसाला दोन दिल्यात, बेटा." आपा उठून चहा टाकायला गेली आणि आम्ही सगळ्यांनी तो होकार धरला.

तपासण्या सुरू झाल्या. इस्पितळात तिला एकटीला बसवून विचारले, तेव्हा ती म्हणाली, स्वखुशीने देते. सख्खी बहीण, कागदपत्रे चोख, नात्याचा दाखला खरा. कायद्याला तिथे बोट ठेवायला जागा नव्हती. पुढे तिचा रक्तदाब वाढलेला निघाला, डॉक्टरांनी नकार दिला आणि विषय मिटला. भाईजान आणखी तीन वर्षे काढून गेले.

कोल्हापूरच्या त्या बाईची बातमी वाचली आणि आमच्या मनात तुलना सुरू झाली ती थांबेना. तिला 15 लाख देऊ केले होते. आपाला आम्ही काय देऊ केले होते? एक छैलाही नाही, असे आम्ही छातीठोकपणे सांगू शकतो. ती फक्त आमच्या छपराखाली राहत होती, दोन वेळचे आमच्या घरात जेवत होती. नोटांच्या रूपात दिलेला मोबदला पोलिसांना शोधता येतो. हा मोबदला कुठल्या पंचनाम्यात येणार? आपल्या देशात जिवंतपणी किडनी देणाऱ्यांत बायका जास्त आणि घेणाऱ्यांत पुरुष जास्त, हे डॉक्टर मंडळी कधीची सांगत आहेत. आयांची, बायकांची माया मोठी, असे म्हणून आपण ते ऐकून घेतो. माया मोठी असतेच. पण ती किती आणि नाइलाज किती, हे विचारायची आपल्या घरांत रीत नाही.

आमच्याकडे नियतीला फार महत्त्व. नियत म्हणजे मनातला हेतू. मराठीतली दैववाचक नियती वेगळी. आमची नियत साफ होती, भाईजान जगावा एवढीच होती. तरी त्या संध्याकाळी आमच्यापैकी एकानेही आपाला स्वयंपाकघरातून परत बोलावून, "तुला नको असेल तर नाही म्हण, आम्ही तुला काही म्हणणार नाही," असे सांगितले नाही. सांगितले असते तर ती नाही म्हणाली असती, याची आम्हाला भीती होती. एवढे तरी कबूल केले पाहिजे. अशा विषयावर कुणी पुण्यातली रहस्यकादंबरी लिहिली, तर फिरोज इराणीला त्या खोलीतल्या कुणाला अटक करता आली असती असे वाटत नाही.

मागच्या रमजानमध्ये आम्ही आपाला शेवटी विचारलेच, तू मनापासून तयार होतीस का. ती इफ्तारची फळे चिरत होती. म्हणाली, "भाईजानसाठी दिलीच असती रे. पण चाचा बोलले तेव्हा तुम्ही सगळे खाली मान घालून बसला होतात, ते आठवतं."