जुनेपणाची चव

पोर्तुगालच्या मदेरा बेटावरील जुन्या मद्याविषयी आम्ही वाचले. चाखण्याचा प्रश्नच नाही, आपल्याला ते हराम. पण विचार मनातून जाईना. मद्यार्क मिसळलेली ही पिंपे पूर्वी जहाजातून उष्ण प्रदेश ओलांडत आणि उन्हाने मद्य बिघडण्याऐवजी सुधारे. उष्णता आणि हवा आधीच सोसल्यामुळे ते शतकभरही टिकते. म्हणजे वय खरेच काम करते.

पण ते चाखणाऱ्यावरही काम करते. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील एका प्रयोगात पांढऱ्या वाइनला लाल रंग दिला, तर मद्यशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. डोळ्यांनी पाहिले, नाकाने री ओढली. मग बाटलीवरचा शंभर वर्षांचा आकडा जिभेला फसवणार नाही कशावरून?

मोहल्ल्याच्या सभेत आमची एक विद्यार्थिनी म्हणाली, "दहावीनंतर मुलींची शाळा सुटू नये." कुणी लक्ष दिले नाही. थोड्या वेळाने एका बुजुर्गांनी तेच सांगितले आणि सर्वांनी माना डोलावल्या. आम्हीही.

बुजुर्गांची अदब राखूच. पण ती त्यांनी सोसलेल्या उन्हासाठी, केवळ पांढऱ्या दाढीसाठी नव्हे. आणि त्या मुलीला "तुझे बोलणे तेव्हाच खरे होते" हे सांगणे आमच्याकडे अजून बाकी आहे.