थडग्यापाशी वाकताना

आर्लिंग्टनच्या राष्ट्रीय दफनभूमीत झेंडा रोवायचं माप ठरलेलं आहे : शिळेच्या मधोमध, तिच्यापासून एका बुटाच्या लांबीवर. मे महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी अमेरिकेत मेमोरियल डे पाळतात. त्याच्या आधी 'ओल्ड गार्ड' पलटणीचे जवान अडीच लाखांहून अधिक शिळांपुढे छोटे झेंडे लावतात. 1948 पासूनची ही रीत.

ते लष्कराचं काम, हुकमानं होणारं. मला अधिक मोलाचं वाटतं ते गावोगावच्या दफनभूमींत कुणाच्या हुकमाविना होणारं काम. स्काउटची पोरं, निवृत्त सैनिक, शेजारपाजारचे लोक झेंड्यांच्या जुड्या घेऊन रांगेरांगेनं फिरतात. शिळेवर आलेलं गवत सारतात, झेंडा रोवतात, कुणी नाव मोठ्यानं वाचतं. भाषण एकदाच करून हजारोंना पुरवता येतं. झेंडा एकेकालाच लावावा लागतो, आणि दरवेळी वाकावं लागतं.

हा दिवस खरा रणात पडलेल्यांचा. पण गावातले लोक परतून आलेल्या, पुढं शेती किंवा टपालाची नोकरी करून म्हातारपणी गेलेल्या सैनिकालाही झेंडा देतात. काटेकोर माणूस याला चूक म्हणेल. मला ते योग्य वाटतं. युद्धातून जिवंत परतलेला माणूसही तिथं काहीतरी ठेवूनच आलेला असतो.

मेमोरियल डेच्या प्रथेचा जन्म बहुतेकजण 1868 मध्ये धरतात. जनरल जॉन लोगन यांनी 30 मे रोजी यादवी युद्धातल्या मृतांच्या थडग्यांवर फुलं वाहायचं आवाहन केलं होतं. पण त्याआधी तीन वर्षं, 1865 च्या एप्रिलमध्ये, चार्ल्सटन शहरात काही काळे मजूर घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानात माती उकरत होते. तिथं कैदेत मेलेले युनियनचे, म्हणजे उत्तरेच्या बाजूचे, किमान 257 सैनिक घाईनं एकत्र पुरलेले होते. नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या या माणसांनी त्या अनोळखी सैनिकांना वेगवेगळी थडगी दिली, भोवती कुंपण घातलं. 1 मे रोजी हजारोंची मिरवणूक निघाली. पुढं फुलं घेतलेली शाळकरी मुलं होती. ज्यांच्यापाशी स्वतःचं काही नव्हतं, त्यांनी दुसऱ्याच्या मरणाला मान दिला. आणि देशानं मात्र त्यांनाच विसरावं! इतिहासकार डेव्हिड ब्लाइट यांना 1990 च्या दशकात जुने कागद सापडले, तेव्हा कुठे ही हकीगत पुन्हा लोकांपुढे आली. स्मरण करणाऱ्यांचंही स्मरण ठेवावं लागतं, हे इथं मनाला फार लागतं.

अमेरिकेतल्या मराठी आईबापांना एक सांगणं आहे. मेमोरियल डेच्या सुट्टीआधी मुलांना घेऊन जवळच्या दफनभूमीत जा. झेंडा त्यांच्या हातानं रोवू द्या, आणि शिळेवरचं नाव त्यांना मोठ्यानं वाचायला सांगा.