आव्वाज कुणाचा?

पुण्यात पावसाळा आला की कॉलेजांच्या रिकाम्या वर्गांमधून एकांकिकांच्या तालमी सुरू होतात. त्या ज्या स्पर्धेसाठी असतात, तो पुरुषोत्तम करंडक १९६३ पासूनचा. भरत नाट्य मंदिरात 'अरे, आव्वाज कुणाचा!' ही आरोळी ज्यानं एकदा दिली, तो पन्नाशीतही त्या दिवसांत जरा अस्वस्थच असतो. बाकं भिंतीला लावलेली, एका कटिंगमध्ये तिघं, आणि दोन वाक्यांसाठी रात्री उशिरापर्यंत घासाघीस. पाठ्यपुस्तकातलं काही आठवत नाही, पण दुसऱ्याचे संवाद अजून तोंडपाठ! गंमतच आहे.

पण स्नेहमेळाव्यात 'काय दिवस होते यार' असं कुणी म्हणालं, की मी जरा गप्प होतो. आमच्याच वर्गातली काही मुलं 'कमवा आणि शिका' योजनेतून काम करत शिकत होती. कर्मवीर भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यात त्याच पायावर कॉलेज उभं केलं, पुढे ही योजना इतरत्रही रुजली. आम्ही तालमीला पळायचो, तेव्हा ती मुलं बागेत पाणी घालत असायची, नाहीतर ग्रंथालयात पुस्तकं लावत असायची. काही मुलींना तर दिवेलागणीआधी घर गाठावंच लागे. त्यांच्या वाट्याला तालीम आलीच नाही.

मेळाव्याच्या व्हॉट्सॲप गटात हीही मंडळी आहेत. जुने फोटो आले की नुसती अंगठ्याची खूण टाकतात. यंदा भेटलात, तर त्यांच्या शेजारची खुर्ची धरा आणि विचारा, ''तुझं कॉलेज कसं होतं रे?''