साधनाचा अधिकार

गेल्या महिन्यांत आमच्या महाविद्यालयांतील दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी मजकडे सल्ला विचारण्यासाठीं आला. त्याला छायाचित्रणाचा नाद लागून अवघे चार महिने झाले होते. आणि धंदेवाईक लोक वापरतात तसा, भिंगांसह दोन लाखांवर किंमत जाणारा कॅमेरा घ्यावा असें त्याच्या मनानें घेतलें होतें. वडील एका कचेरींत कारकून. मुलाच्या हौसेसाठीं भविष्यनिर्वाह निधींतून रक्कम काढण्याची तयारी त्यांनीं दाखविली होती. “सर, साधन उत्तम असल्यावांचून कला उत्तम कशी व्हावी?” असें त्यानें मला विचारलें. प्रश्न दिसतो तितका पोरकट नाहीं.

प्रथम त्याच्या बाजूनें जें बोलण्यासारखें आहे तें बोलून टाकूं. बेसूर तंबोऱ्यावर गळा तयार होत नाहीं. उलट कान मात्र बिघडतो. बोथट पटाशीवर शिकणारा सुतार लांकडाशीं झगडावयास शिकतो, सुतारकाम शिकत नाहीं. म्हणून ‘नवशिक्याला काय, कांहींही चालेल’ हें म्हणणें मला मान्य नाहीं. पण शिकणाऱ्याला हवा असतो तो सुरांत बोलणारा तंबोरा. त्यावर हस्तिदंती नक्षी असण्याचें कारण नाहीं. साधन खरें असावें, तें भारी असलेंच पाहिजे असें नाहीं. ज्या कॅमेऱ्यांत ॲपर्चर लहानमोठें करतां येतें, शटरचा वेग आपल्या हातानें ठरवितां येतो, तो साधा असला तरी शिकणाऱ्याशीं खोटें बोलत नाहीं.

भारी साधन कांहींच देत नाहीं असें नव्हे. अंधुक प्रकाशांत किंवा दूरच्या पक्ष्यावर जेथें सामान्य भिंग हात टेकतें, तेथें तें उपयोगी पडतें. पण उभें कोठें राहावें, उजेड कोठून घ्यावा, बोट कोणत्या क्षणीं दाबावें, हें तें सांगत नाहीं. जवळच्या व दूरच्या वस्तूंचें परस्परांशीं दिसणारें प्रमाणसुद्धां आपण कोठें उभे राहतों यावर ठरतें. भिंगाच्या किंमतीवर नव्हे. एवढेंच नव्हे, तर मोठ्या ॲपर्चरचें महागडें भिंग नवख्याच्या हातीं पडलें म्हणजे मुलाचा एक डोळा स्पष्ट व दुसरा धूसर, अशीं चित्रें निघूं लागतात. आणि दोष कोणाचा हें त्या बिचाऱ्याला उमगत नाहीं.

१९१६ सालीं चौदा वर्षांचा ॲन्सेल ॲडम्स आईबापांबरोबर अमेरिकेंतील योसेमिटीच्या दरींत गेला, तेव्हां त्यांनीं त्याच्या हातीं ब्राउनी नांवाचा पेटीसारखा साधा कॅमेरा दिला. १९०० सालीं हा कॅमेरा प्रथम बाजारांत आला तेव्हां त्याची किंमत एक डॉलर होती. पुढें अकरा वर्षांनीं, १९२७ च्या एप्रिलांत, तोच ॲडम्स त्याच दरींतील हाफ डोम या प्रचंड कड्यासमोर कांचेच्या तबकड्यांचा जड कॅमेरा घेऊन उभा होता. पिवळा फिल्टर लावून एक चित्र घेतल्यावर त्याच्या ध्यानांत आलें कीं, आपल्या मनांतलें काळेभोर आकाश यांत उतरणार नाहीं. मग उरलेल्या तबकडीवर त्यानें गडद लाल फिल्टर लावून दुसरें चित्र घेतलें. जगानें पुढें वाखाणलें तें हें दुसरें. लाल फिल्टर जवळ होता म्हणून आकाश काळें उतरलें हें खरें. पण तें मनांत आधीं काळें झालें होतें म्हणूनच फिल्टरची आठवण झाली. अर्थात् ब्राउनीनें ॲडम्स घडविला असेंही कोणीं समजूं नये. ब्राउनी असंख्य मुलांच्या हातीं होती.

यावर कोणी म्हणेल, दादासाहेब फाळक्यांनीं काय केलें? १९१२ सालीं विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून ते विलायतेस गेले व चलच्चित्रांचा कॅमेरा घेऊन आले. ही उडी घेतली नसती तर १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांना कोठून दिसता? आक्षेप वजनदार आहे. पण फाळके तेव्हां चाळिशी ओलांडलेले गृहस्थ होते. बडोद्याच्या कलाभवनांत शिकून त्यांनीं गोध्र्यास छायाचित्रणाचा धंदा केला होता, छपाईचें काम केलें होतें. आणि कॅमेरा हातीं आल्यावर त्यांनीं आरंभीं केलें काय, तर वाटाण्याच्या रोपाची वाढ दिवसेंदिवस टिपीत बसले! ज्याला एका अंकुरापुढें असें बसतां येतें, त्यानें खुशाल विमा गहाण टाकावा. आपल्याला काय हवें आहे आणि जवळच्या साधनांत काय उणें आहे, हें ज्याला नेमकें सांगतां येतें, त्यालाच मोठ्या साधनाचा अधिकार पोंचतो.

आणखी एक गोष्ट आहे. शिकणाऱ्याचें खरें भांडवल म्हणजे चुका करण्याची मोकळीक. बापाच्या म्हातारपणाची पुंजी ज्याच्या गळ्यांत लटकते आहे, तो पावसांत जाईल काय, गर्दींत शिरेल काय, शंभर चित्रें फुकट घालवील काय? आणि उद्यां नाद ओसरला, तर तसें वडिलांना सांगण्याचें धैर्य त्याला होईल काय?

मला हें पुस्तकांतून कळलेलें नाहीं. बारा वर्षांपूर्वीं मींही एक उंची कॅमेरा घेतला. दुकानाची पावती खिशांत पडतांच कलेचें निम्मे पुण्य पदरीं पडल्यासारखें वाटलें, आणि आरंभ केल्याचें समाधान इतकें पुरेसें झालें कीं खरा आरंभ राहूनच गेला. दोन पावसाळ्यांत कपाटांतल्या कपाटांत भिंगाला बुरशी चढली. कॅमेऱ्याचा यांत अपराध नव्हता.

त्या विद्यार्थ्याला मीं इतकेंच सांगितलें: साधा कॅमेरा घे, आणि सहा महिने एक वही ठेव. मनांतलें चित्र ज्या ज्या वेळीं साधनामुळें हुकलें, तें तींत लिही. आणि आपल्यामुळें हुकलें, तेंही लिही. पहिली यादी दुसरीपेक्षां लांब झाली, तर वडिलांकडे मी स्वतः तुझी शिफारस करीन. तो किंचित् खट्टू होऊन गेला. वही त्यानें घातली कीं नाहीं, तें मला ठाऊक नाहीं. पण तो गेल्यावर माझ्या वहींत दुसरी यादीच किती लांब झाली असती, याचा हिशोब मी बराच वेळ करीत बसलों.