मशीन बंद होतं, हे कोणाला सांगता?

बसू नका, उभ्यानेच ऐका. खिडकीजवळच्या आजोबांखाली ओली ड्रॉशीट तशीच का, तर म्हणे, "मॅडम, मशीन बंद आहे." हे त्यांच्या कातडीला सांगा! ओल्या, चुण्या पडलेल्या चादरीवर माकडहाडापाशी बेडसोअर व्हायला कितीसा वेळ लागतो? भरायला मात्र महिने जातात. मीच शिकवलंय हे तुम्हाला.

मी खाली जाऊन मशीन पाहिलं. दाराच्या रबरात केस, कापसाचे बोळे, सलाईनची चिकटपट्टी. ड्रायरच्या जाळीवरचा तंतूंचा थर नखाने खरवडावा लागला. हा थर पेट घेतो, म्हणून प्रत्येक फेरीनंतर जाळी काढून साफ करायची असते. पाणी बोअरचं, हीटरवर क्षार चढलेत, पाणी तापतच नाही. आणि तुम्ही कोमट पाण्यातून काढलेल्या चादरींच्या खुशाल घड्या घालता! गरम पाण्यात धुवायचं म्हणजे 71 अंश सेल्सियस, तेही सलग 25 मिनिटं. हाताला ऊन लागलं म्हणजे झालं, असं नव्हे. रात्रभर ओले कपडे ड्रममध्ये राहिले, सकाळी तेच वाळत घातले. ते पुन्हा धुवायचे होते, हे कोणाच्याच डोक्यात येऊ नये? आणि मळकी चादर वॉर्डात झटकणारी, पोटाशी कवटाळून नेणारी कोण, तेही मी पाहिलंय.

दर 12 मेला, नर्सेस डेला, दिवा हातात धरून शपथ घेता, फोटो काढता. त्या नाइटिंगेलबाईंनी स्कुटारीच्या लष्करी इस्पितळात असताना घर भाड्याने घेऊन, बॉयलर बसवून आधी कपडे धुण्याची सोय केली होती. त्याचा फोटो कोण काढणार म्हणा!

खाटेमागे तीन जोड तर हवेतच: एक खाटेवर, एक धुण्यात, एक कपाटात. मशीन बिघडेल म्हणून वरचा एखादा. तुमच्याकडे ते नाहीत? आहेत की! स्टोअरच्या कपाटात नव्याकोऱ्या चादरींचे गठ्ठे कुलपात पडलेत, 'इन्स्पेक्शनला लागतात' म्हणून. इन्स्पेक्शनवाले झोपतात का त्यांच्यावर?

मेकॅनिकला आज, आत्ता फोन करा. तो येईपर्यंत कपडे बाहेर धुवायला पाठवा. मळके वेगळ्या पिशवीत, तोंड बांधून. कुलपाची किल्ली माझ्या टेबलावर आणून ठेवा. पण त्याआधी वर जा आणि आजोबांची चादर बदला.